इंगोले म्हणजे मजुरी

मंगरूळपीरच्या मार्केट यार्डात कॉम्प्युटरला हिशेब शिकवणारा पहिला माणूस मी! खोटं वाटतं ना? बरोबर वाटतं. शिकवणारा अकोल्याहून आला होता. मी कॉम्प्युटरवरची सोयाबीनची धूळ पुसत होतो. पण हातात फडकं असलं की कोणी 'बाहेर जा' म्हणत नाही, म्हणून सगळं ऐकलं.

शिक्षणाचं विचाराल तर सातवीत दोनदा बसलो, उठलो एकदाही नाही. तरी अडतीच्या दुकानात मला सगळे मुनीमजी म्हणतात. आणि अडतीच्या दुकानात किस्से शोधावे लागत नाहीत. पोत्यातून सांडलेल्या तुरीसारखे ते कोपऱ्याकोपऱ्यात साचतात. तूर तर झाडूवाली बाई घेऊन जाते. किस्से मागे राहतात, कारण त्यांना यार्डात भाव नाही.

*

पूर्वी बँकेचं स्टेटमेंट यायचं आणि मी चष्मा लावून एकेक ओळ वहीत उतरवायचो. हे डिझेलचे, हे हमालीचे, हे माल खरेदीचे. मग शेठनं नवं सॉफ्टवेअर घेतलं. अकोल्याचा माणूस सांगू लागला, "बँकेचं स्टेटमेंट आता सरळ कॉम्प्युटरात उतरणार. मशीन ओळीतला शब्द वाचणार आणि रक्कम ज्या त्या खात्यात आपोआप टाकणार. तिला एकदा फक्त सांगायचं, हा शब्द दिसला की हे खातं. मग ती जन्मभर विसरत नाही."

शेठ माझ्याकडे पाहून हसले. "मुनीमजी, मंग आता तुमी काय करान?"

"शेठ, आजवर मी चुका करत होतो. आता त्या मशीन करन. मी बसून पाहीन!"

पहिलं स्टेटमेंट उतरलं. एकेक ओळ दाखवून अकोलेकर शेठला विचारत होता. एका ओळीवर आला नामदेव इंगोले. हा आमच्या हमालांचा मुकादम. साऱ्या हमालांचे पैसे याच्याच खात्यात जातात.

"हे कोणत्या खात्यात टाकू?"

"मजुरीत."

"नियम पूर्ण नावावर करू, का नुसत्या आडनावावर?"

शेठ बशीतल्या चहावर फुंकर मारत होते. मान वर न करता म्हणाले, "आडनावावर करा. इंगोले म्हंजे मजुरीच."

अकोलेकरानं बटण दाबलं. जाताना सांगून गेला की हा नियम आता कोणालाही बदलता येणार नाही, बदलायचा किंवा नवा करायचा झाला तर ओटीपी फक्त मालकाच्या मोबाइलवर येईल. हे ऐकून शेठ खुर्चीत असे ताठ बसले, जशी तहसीलदारकी मिळाली!

*

मशीन खरंच विसरत नव्हती. पण समजतही नव्हती!

उरुसाच्या वेळी शेठनं दर्ग्याला वर्गणी पाठवली. मशीननं विचारलं, हे कुठे? शेठ म्हणाले, धर्मादायात. झालं, मशीन शिकली. दर्गा दिसला की धर्मादाय.

आता आमचे दोन्ही ट्रक डिझेल भरतात तो पंप आहे दर्गा रोडला!

वर्षभर ट्रक डिझेल पीत राहिले आणि शेठ पुण्य कमावत राहिले. वर्षाअखेरीला धर्मादायाचा आकडा पाहून माझेच हात जोडले गेले. मी ही बातमी चहाच्या टपरीवर फक्त एका माणसाला सांगितली. मंगरूळपीरला एक माणूस पुरतो.

दुसऱ्या दिवशी दुकानापुढे पावतीपुस्तकांची रांग. भजनी मंडळ, क्रिकेटवाले, वाचनालयवाले, कुस्तीवाले! शेठ ओरडून ओरडून सांगत होते, "अरे बाप्पा, मी कोणाले काही नाही देलं!" सगळ्यांच्या मागे उरूस कमिटीचे एक बुजुर्ग शांत उभे होते. त्यांचा नंबर आल्यावर म्हणाले, "शेठ, तुमी आमाले जे देलं ते आमच्या ध्यानात हाय. बाकीचं एवढं कोणत्या दर्ग्याले देलं, तेवढं सांगा."

*

मशीनला एखादी ओळ कळली नाही आणि कोणी खातंही सांगितलं नाही, तर ती रक्कम सस्पेन्स नावाच्या खात्यात टाकते. कोणाचा कोण ते ठरेपर्यंत तिथंच पडून राहायचं. माझा पगार बँकेतून द्यायला लागले, तो पहिल्याच महिन्यात सस्पेन्समध्ये गेला. एवढी वर्षं ज्या दुकानात काढली, त्या दुकानात मी संशयित!

घरी जाऊन बायकोला मोठ्या दुःखानं सांगितलं. ती भाकर थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "मशीन शिकेल-सवरेल दिसते. मले तुमचं खातं समजाले बारा वर्सं लागले."

*

मशीन आली तशी ती चालवायला माणूस लागला. मेडशीहून प्रज्ञा आली. रोज एसटीनं येणं-जाणं. कॉमर्स केलेली पोरगी, अंगानं काडी, जिभेनं चाकू. मला पहिल्याच दिवशी 'आबा' म्हणाली. मी म्हटलं, "पोरी, मी एवढा म्हातारा दिसतो काय?" तर म्हणे, "नाही आबा, दिसत नाही. बोलता तसे."

पण त्याआधीची मुलाखत ऐका. शेठनं अर्ज हातात घेतला.

"प्रज्ञा इंगोले. कोणते इंगोले?"

"मेडशीचे."

"ते नाही. कोणते?"

आता आमच्या भागात इंगोले पाटलांत आहेत, बौद्धांत आहेत, हमालांत तर आहेतच. 'कोणते' विचारल्याशिवाय आमच्याकडे माणसाला पाण्याचा ग्लासही देत नाहीत. जो विचारतो त्याला उत्तर माहीत असतं, जो सांगतो त्याला प्रश्न माहीत असतो. तरी विचारतात.

प्रज्ञानं शेठकडे सरळ पाहिलं. "बी.कॉम. झालेले."

शेठला दुसरं कोणी कमी पगारात मिळत नव्हतं. नोकरी लागली.

*

पहिल्या महिन्याचा पगार झाला. प्रज्ञानं स्टेटमेंट उतरवलं आणि स्क्रीनकडे पाहत बसली. मग शेठच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिली.

"शेठ, माझा पगार मजुरीत गेला."

"कोणं टाकला?"

"मशीननं. इंगोले दिसलं की मजुरी, असा नियम हाय. तुमचा ओटीपी द्या, मी माझ्यापुरता बदलून घेतो."

"पैसे तुह्या खात्यात आले का नाही?"

"आले."

"मंग कोणत्या खात्यातून गेले, तुले काय करा लागते? चालून राह्यली मशीन, चालू दे. हात लावशीन आन् बिघडवशीन."

पुढच्या महिन्यात तिनं पुन्हा विचारलं. शेठचा मोबाइल घरी राहिला होता. त्यापुढच्या महिन्यात मोबाइलला चार्जिंग नव्हती. एकदा तर मोबाइल शेठच्या हातात होता, कानाला होता, आणि शेठ मला म्हणाले, "मुनीमजी, माहा मोबाइल कुठी दिसला काय जी?"

मी हसलो. हसण्यासारखंच होतं. प्रज्ञा हसली नाही.

*

शेठ फार गंभीर झाले की मला खाज सुटते. मशीन पैशासोबत आलेला निरोपही वाचते, हे मला कळलं होतं. एके दिवशी मी माझ्या मोबाइलवरून शेठच्या खात्यात एक रुपया टाकला आणि निरोपात लिहिलं, 'व्याज'.

मशीननं इमानेइतबारे तो व्याजाच्या उत्पन्नात जमा केला. तिसऱ्या दिवशी वाशिमहून वकीलसाहेबांचा फोन. हे आमच्या दुकानाचं टॅक्सचं काम पाहतात, आमची पुस्तकं त्यांच्याही कॉम्प्युटरवर दिसतात. फोन स्पीकरवर होता.

"शेठ, तुमच्याकडे व्याज जमा झालेलं दिसतंय. कोणाला पैसे दिलेत? सावकारीचं लायसन्स आहे का?"

शेठच्या कपाळावर असा घाम फुटला की मला पंखा वाढवावा लागला. डाव्या हातानं त्यांनी टेबलाचा खालचा कप्पा हळूच बंद केला, चावी बंडीच्या खिशात घातली. "नाही हो साहेब, आपलं असं काही... कोणं सांगतलं तुमाले? कोणाचं नाव हाय?"

"नाव तुमच्या मुनीमाचं आहे. रक्कम एक रुपया."

मी म्हटलं, "शेठ, एका रुपयाले एवढा घाम?"

शेठनं तिथल्या तिथं मला रुपया परत पाठवला आणि निरोपात लिहिलं, 'नालायक'. मशीनला हा शब्द नवा. तिनं विचारलं, कोणतं खातं? प्रज्ञानं वाचून दाखवलं. शेठ संतापात म्हणाले, "मुनीमजीच्या पगारात टाक!" आणि या वेळी ओटीपी एका झटक्यात दिला.

तेव्हापासून आमच्या मशीनमध्ये पगार खात्याचा नियम एकच. नालायक दिसला की पगार! शेठही हट्टी. माझा पगार दर महिन्याला तोच निरोप लिहून पाठवतात आणि तो बिनचूक पगारात पडतो. सस्पेन्समधून सुटलो! बायकोला मात्र निरोप वाचून दाखवत नाही.

प्रज्ञा म्हणाली, "शेठ, माह्याही पगारावर तेच लिहा. निदान पगारात तं जाईन."

शेठ खुशीत आले. "छे छे! तू लायक पोरगी हाय. तुले कसं लिहू?"

*

हंगाम संपला. रिठदचे इंगोले पाटील दुकानात आले. यांची तूर, यांचं सोयाबीन, सारा माल आमच्याकडे. पाटील आले की शेठ स्वतः उठून खुर्ची पुसतात. एरवी ते काम माझं.

"शेठ, माह्या सालभराचा उतारा द्या. किती माल आला, किती पैसे भेटले, साऱ्याचा."

शेठनं हुकूम सोडला. प्रज्ञानं माल खरेदीचं खातं उघडलं. "पाटील, तुमच्या नावानं हिथं काहीच नाही."

"काही नाही म्हंजे? माही तूर काय उडून गेली?"

"थांबा, नाव टाकून पाहतो." तिनं नाव टाकलं. सापडलं. मग तिनं स्क्रीन उचलून पाटलांकडे वळवली. तशी गरज नव्हती. तोंडी सांगून भागलं असतं. पण वळवली!

हमाली आणि मजुरी खर्च. वर नामदेव इंगोले. खाली इंगोले पाटील, रिठद. त्याखाली पुन्हा नामदेव. मग पाटील. मध्ये मध्ये प्रज्ञा. सालभर सगळे एका पंगतीला बसलेले!

पाटलांचा चेहरा कांडलेल्या मिरचीसारखा झाला. "शेठ! मी तुह्या दुकानात पोते उचलतो काय बे?"

नेमका नामदेव मुकादम तेव्हा दारात पाणी पीत उभा होता. त्यानं तांब्या खाली ठेवला. "पाटील, आलेच हाय तं या. एका बाजूनं धरा, ट्रक खाली कराचा हाय."

मी पोट धरून बाहेर पळालो. आत पाटील गरजत होते. "उद्यापासून माल रिसोडले नेतो! मजुरात टाकते मले! चार गावात तोंड दाखवाले जागा ठेवली नाही!"

अहो, जो मोबाइल सहा महिने कोणाला सापडत नव्हता, तो शेठच्या खिशातून असा निघाला, जसा सापाच्या बिळातून उंदीर! फोन शेठच्या कानाला, फोनवर अकोलेकर, ओटीपी प्रज्ञाच्या हातात. पाटलांपुढचा चहा निवायच्या आत नवा नियम तयार. इंगोले आणि सोबत रिठद दिसलं, की माल खरेदी. सालभराचे पाटील एका बटणात मजुरीतून उठले आणि आपल्या जागेवर जाऊन बसले.

प्रज्ञा म्हणाली, "शेठ, अकोलेवाले फोनवर हायेतच. माह्या नावाचा नियमही करून घेऊ काय? तेवढंच एक बटण."

शेठनं फोन कट केला. "आता नाही. पाटील बसेल हायेत, दिसत नाही काय तुले? मुनीमजी, दुसरा चहा सांगा. मलई टाकून."

मी चहा सांगायला गेलो. परत आलो तर ती स्क्रीन पुन्हा आपल्याकडे वळवून बसली होती. मी चिडवायला म्हणून म्हटलं, "काय बाई, पाटील मजुरीतून उठून गेले, पंगत सुनी झाली."

"हो ना आबा," ती म्हणाली. "आता तुमी या. पण तुमाले नाही येता येणार, तुमी पगारातले."



*

आता शेवटचा सांगतो. हा मी टपरीवर कोणाला सांगितलेला नाही.

वाशिमच्या एका पतसंस्थेत हिशेबाच्या कामाला जागा निघाली. मोठी नोकरी, रोजची एसटी सुटणार, खोली घेऊन राहता येणार, धाकट्या भावाला तिथल्या कॉलेजात घालता येणार. प्रज्ञानं परीक्षा दिली, पासही झाली. फक्त एक कागद बाकी होता. जिथं काम केलं तिथल्या मालकाचं पत्र, की ही पोरगी आमच्याकडे हिशेबनीस म्हणून पगारावर होती. आणि मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती.

तिनं पत्र टाइप करून शेठपुढे ठेवलं. सही तेवढी करायची.

शेठनं वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. पोरगी गेली तर मशीन कोण चालवणार, हे त्यांच्या तोंडावर इतकं स्वच्छ लिहिलेलं होतं की मला सातवी नापासालाही वाचता आलं. मग त्यांनी वाशिमला वकीलसाहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, "पतसंस्थेनं पडताळणी केली तर? तुमच्या पुस्तकात जे आहे, तेच पत्रात लिहा."

फोन ठेवून शेठनं 'हिशेबनीस' या शब्दावर रेघ मारली.

"मी पगार कसा लिहू? मशीनमध्ये तं तू मजुरीत हाय. तिथी मजुरी आन् हिथी पगार? मले खोटं नाही लिहिता येत."

ज्यांच्या काट्यावर भर उन्हाळ्यातही सोयाबीनचा ओलावा धरून वजन कापलं जातं, त्या माणसाला त्या दिवशी खोट्याचा विटाळ झाला!

मी म्हटलं, "शेठ, लिहून टाका ना. पोरीचं भलं होईन."

"मुनीमजी, तुमाले मसखरी सुचते. सही माही राह्यते."

"मंग आता ओटीपी द्या," प्रज्ञा म्हणाली. "नियम बदलून देतो. मागच्या साऱ्या नोंदी आपोआप पगारात येतीन. पाटलाच्या आल्या तशा. पत्रही खरं होईन आन् तुमीही."

शेठनं मोबाइल उचलला. स्क्रीनवर बोट फिरवलं. तिनं कीबोर्डवर हात ठेवला.

शेठनं मोबाइल कप्प्यात ठेवला, त्याच खालच्या कप्प्यात, आणि चावी बंडीच्या खिशात घातली. मग रेघ मारलेल्या शब्दाच्या वर आपल्या हातानं 'मजूर' लिहिलं, खाली सही ठोकली, शिक्का मारला, आणि कागद तिच्यापुढे सरकवला.

तिनं तो उचलला नाही. नुसती उभी राहिली. बाहेर नामदेवच्या माणसांनी ट्रकचं फाळकं आपटलं. शेठला ते उभं राहणं सहन होईना. आवाज एकदम मऊ झाला, गिऱ्हाइकाशी असतो तसा.

"हे पाह्य बाई, तू माह्यावर काहून राग धरतं? मी केलं काय हे? मशीननं केलं. आन् मशीनले का कोणाची जात समजते?"

"नाही समजत, शेठ," प्रज्ञा म्हणाली. "म्हणून तं तिनं पाटलालेही आमच्यातच बसवलं होतं. त्याईले उठवाले तुमी लागले."